भूगोल आणि अर्थशास्त्र एकत्र घेऊन बीए: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारावीच्या निकालानंतर प्रवेशाची धावपळ सुरू झाली की हेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. काही विद्यार्थ्यांचे असतात, बरेच पालकांचे. उत्तरं मुख्यतः महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांना धरून दिली आहेत. परदेशाबद्दलचा प्रश्न शेवटाकडे आहे.

हे दोन विषय एकत्र घेण्यात अर्थ काय? एकाचा दुसऱ्याशी संबंध तरी आहे का?

साखर कारखान्याचं उदाहरण घेऊ. शंभर किलो उसातून साधारण दहा-अकरा किलो साखर निघते. शिवाय तोडलेला ऊस पडून राहिला की साखरेचा उतारा घटतो, म्हणून गाळप लवकर उरकावं लागतं. सगळा ऊस दोनशे किलोमीटर नेऊन शेवटी त्यातला दशांश हाती ठेवायचा, हे कुणालाच परवडत नाही. म्हणून कारखाना उसाच्या फडाजवळ उभा राहतो. आल्फ्रेड वेबरने १९०९ मध्ये उद्योगांच्या स्थाननिश्चितीचा जो सिद्धांत मांडला, त्यातला ‘वजन घटणारा कच्चा माल’ तो हाच. इथवर भूगोल झाला.

आता भावाकडे या. एफआरपी म्हणजे केंद्राने ठरवलेला उसाचा रास्त आणि किफायतशीर दर, आणि तो कारखान्याच्या दारातला भाव. त्यातून तोडणी आणि वाहतूक वजा होऊन उरलेली रक्कम शेतकऱ्याच्या खात्यावर येते. कारखाना जितका लांबून ऊस आणतो, तितका वाहतुकीचा बोजा चढतो. महाराष्ट्रात दोन कारखान्यांमध्ये किमान २५ किलोमीटर हवाई अंतर ठेवण्याची अट आहे, केंद्राची अट १५ किलोमीटरची. अंतर वाढवलं की कारखान्याला ऊस पुरतो, हंगाम लांबतो आणि दर क्विंटलचा उत्पादन खर्च उतरतो. पण शेतकऱ्यापुढे गिऱ्हाईक मात्र एकच उरतं, आणि एकुलत्या गिऱ्हाइकाशी घासाघीस करता येत नाही. हे अर्थशास्त्र.

पंचवीस किलोमीटरचं वर्तुळ नकाशावर काढायचं असतं, त्याचा परिणाम मात्र पावतीवर दिसतो. ज्याला फक्त नकाशा वाचता येतो किंवा फक्त पावती, त्याला हा वाद अर्धाच कळतो. दोन विषय एकत्र घेण्याचं माझ्या मते हे एकच खरं कारण आहे. ‘स्कोरिंग’ वगैरे कारणं प्रवेशाच्या रांगेतली आहेत.

महाराष्ट्रात अशी जोडपदवी मिळते का?

दोन्ही विषयांची नावं बरोबरीने छापलेली पदवी आपल्याकडे रूढ नाही. पण दोन्ही विषय नीट शिकून बीए होण्याची वाट जुनीच आहे. मुंबई विद्यापीठात जुन्या पद्धतीत टीवायबीएला सहाही पेपर एका विषयाचे घेता येत, किंवा दोन विषयांचे तीन-तीन. पुण्याकडे ‘जॉग्रफी स्पेशल, इकॉनॉमिक्स जनरल’ अशी भाषा होती, अजूनही स्टाफरूममध्ये तीच चालते.

नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार आता मेजर (मुख्य विषय) आणि मायनर (दुय्यम विषय) आले. राज्यातल्या स्वायत्त महाविद्यालयांत हा बदल २०२३-२४ पासून आला, संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून. तीन वर्षांची पदवी १२० ते १३२ क्रेडिटची, चार वर्षांची ऑनर्स १६० ते १७६ क्रेडिटची. त्यात एक विषय मेजर, दुसरा मायनर, आणि बाकी क्रेडिट भाषा, कौशल्यं, क्षेत्र प्रकल्प, ऑन जॉब ट्रेनिंग यांत वाटलेले.

फॉर्म भरण्याआधी एक गोष्ट महाविद्यालयात जाऊन विचारा: ‘भूगोल मेजर आणि अर्थशास्त्र मायनर ही जोडी *तुमच्या वेळापत्रकात* बसते का?’ विद्यापीठाच्या नियमात बसणारी जोडी महाविद्यालयाच्या वेळापत्रकात बसेलच असं नाही. भूगोलाची प्रात्यक्षिकं दुपारी असतात आणि नेमकी त्याच वेळी अर्थशास्त्राची तासिका लागते. माहितीपुस्तिकेत हे कधीच छापत नाहीत.

मेजर कोणता घ्यावा आणि मायनर कोणता?

ठाम उद्दिष्ट असेल तर उत्तर सोपं आहे. अर्थतज्ज्ञ व्हायचं तर अर्थशास्त्र मेजर, जीआयएस (संगणकावर नकाशा आणि आकडे जोडण्याचं तंत्र) किंवा दूरसंवेदनात (उपग्रहांच्या चित्रांवरून अभ्यास) जायचं तर भूगोल मेजर.

ठरलेलं नसेल तर माझा कौल भूगोल मेजरला. कारण व्यवहाराचं आहे. एमए अर्थशास्त्राच्या बऱ्याच नामांकित जागांवर प्रवेश परीक्षेवर प्रवेश मिळतो, पदवीचा विषय कोणताही चालतो, गणित आणि अर्थशास्त्र परीक्षेत दाखवलं की झालं. भूगोलाच्या एमए-एमएस्सीला मात्र साधारणपणे पदवीला भूगोल लागतो, कारण प्रात्यक्षिकांची तयारी त्याशिवाय झालेली नसते. म्हणजे भूगोलाकडून अर्थशास्त्राकडे जाणारं दार उघडं राहतं, उलट दिशेचं दार अरुंद आहे. शिवाय अर्थशास्त्राचं पुस्तक घरी बसून वाचता येतं, समतल फलक सर्वेक्षण (तिपाईवरच्या फलकावर जागेवरच नकाशा काढणं) घरी बसून शिकता येत नाही.

याला अपवाद आहे. गणिताची आवड असेल आणि हात चालत असेल तर बिनधास्त अर्थशास्त्र मेजर घ्या. अशी मुलं कला शाखेत थोडी असतात आणि त्यांना मागणी असते.

काही विद्यापीठांत पहिल्या वर्षी मेजर ठरवावाच लागत नाही म्हणतात, खरं का?

हो. काही ठिकाणी पहिल्या वर्षी तीन विषय समान वजनाने शिकायचे आणि दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला मेजर निवडायचा, अशी रचना आहे. मिळाली तर ती सोय वापरा. वर्षभर दोन्ही विभागांचे शिक्षकही पारखता येतात, आणि खरं सांगायचं तर विषयापेक्षा ते जास्त महत्त्वाचं ठरतं.

बारावीला गणित नव्हतं. जमेल का?

बीए जमेल. पुढचं सांगता येत नाही, ते तुमच्या हातात आहे.

पदवीच्या अर्थशास्त्रात आलेख, उतार, टक्केवारी, लवचिकतेची साधी उदाहरणं एवढ्यावर निभावतं. भूगोलात मध्य, मध्यगा, प्रमाण विचलन, सहसंबंध गुणांक येतात आणि ते कॅल्क्युलेटरवर होतात. खरी अडचण एमए अर्थशास्त्राच्या चांगल्या प्रवेश परीक्षेत येते. तिथे विकलन, निश्चयक, संभाव्यता विचारतात, आणि ज्याने दहावीनंतर गणित पाहिलेलंच नाही तो पहिल्याच पानावर अडतो. म्हणून पहिल्या वर्षापासून आठवड्याचे तीन-चार तास अकरावी-बारावीच्या गणिताला द्या. शास्त्र शाखेची मंडळाची पुस्तकं पुरेशी आहेत, महागड्या क्लासची गरज नाही.

नेमकं काय काय शिकवतात?

भूगोलात भूरूपशास्त्र, हवामानशास्त्र, मानवी भूगोल, लोकसंख्या, कृषी भूगोल, प्रादेशिक नियोजन, नकाशाशास्त्र, जीआयएस. अर्थशास्त्रात सूक्ष्मलक्ष्यी, समग्रलक्ष्यी, पैसा आणि बँकव्यवसाय, सार्वजनिक आयव्यय, भारतीय अर्थव्यवस्था, आंतरराष्ट्रीय व्यापार, विकासाचं अर्थशास्त्र. यादी कुठल्याही विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मिळेल.

दोन विषय कुठे एकमेकांवर चढतात हे जास्त कामाचं आहे. लोकसंख्येचं प्रकरण दोन्हीकडे जवळजवळ तेच. लॉरेन्झ वक्र अर्थशास्त्रात उत्पन्नाची विषमता दाखवायला येतो आणि भूगोलाच्या प्रात्यक्षिकात जमीनधारणा किंवा लोकसंख्येचं वितरण दाखवायला. रिकार्डोचा खंड सिद्धांत एकीकडे, फॉन थ्युनेनची कृषी वर्तुळं दुसरीकडे, पण मुद्दा तोच: जमिनीला भाव का येतो. एक सुपीकतेकडे बोट दाखवतो, दुसरा बाजारापासूनच्या अंतराकडे.

मात्र हे जोडून कुणी शिकवत नाही. दोन विभाग दोन मजल्यांवर बसतात, दोघांच्या पेपरांची एकमेकांना खबर नसते. जोडणी तुम्हालाच करावी लागते.

प्रात्यक्षिकं म्हणजे काय? खूप वेळ जातो म्हणतात.

जातो. नकाशा प्रमाणाची रूपांतरं, प्रक्षेपणं, सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे स्थलनिर्देशक नकाशे वाचणं, समोच्च रेषांवरून छेद काढणं, टिंब आणि क्षेत्रघनी (आकड्यानुसार गडद-फिके रंगवलेले) नकाशे, आणि हे सगळं जर्नलमध्ये पेन्सिलने. जर्नल तपासून सही घ्यायची, मग परीक्षेला बसायचं. ऐन सत्राच्या शेवटी जर्नल पूर्ण करणाऱ्यांची झुंबड उडते, तिच्यात सामील होऊ नका.

हे निरुपयोगी वाटतं, पण नाही. क्षेत्रघनी नकाशा हाताने रंगवताना गट कुठे तोडायचे हे स्वतः ठरवावं लागतं. ०-१०, १०-२० असे गट केले तर एक जिल्हा फिका दिसतो. ०-८, ८-१६ केले की तोच जिल्हा गडद होतो. आकडे तेच, गोष्ट वेगळी. संगणकावर बटण दाबून नकाशा काढणाऱ्याच्या हे लक्षातच येत नाही, आणि वर्तमानपत्रातला नकाशा पाहून तो लगेच फसतो.

थ्युनेन, ख्रिस्टालर वगैरे जुने जर्मन सिद्धांत आज कशाला?

थ्युनेनने १८२६ मध्ये मांडलं की शहराच्या लगत दूध आणि भाजीपाला, मग सरपणाचं जंगल, मग धान्य, शेवटी चराई. एकेकाळी मुंबईत तबेले शहरातच होते, कारण दूध लांबून टिकत नसे. आज सांगली-कोल्हापूरचं दूध थंड टँकरमधून मुंबईत येतं. सिद्धांत खोटा पडला का? उलट, नासाडी आणि वाहतूक खर्च कमी झाले की वर्तुळ पसरतं, हे त्यातच होतं.

लहानमोठी बाजारगावं कशी पसरतात हे दाखवणारे ख्रिस्टालरचे १९३३ चे षटकोन पाठ करू नका. आठवडी बाजार पाहा. शेजारशेजारच्या गावांचे बाजारवार सहसा वेगवेगळे असतात, आणि भांडीवाला, कापडवाला, मसालेवाला आठवडाभर एकेक गाव फिरतो. एका गावात रोज दुकान चालेल एवढं गिऱ्हाईक नाही, म्हणून दुकानच गिऱ्हाइकाकडे जातं. केंद्रस्थान सिद्धांताचा गाभा हाच.

आणि हे सगळं जुनं-पुराणं म्हणून अर्थशास्त्रज्ञांनी बराच काळ अडगळीत टाकलं होतं. मग पॉल क्रुगमनने १९९१ मध्ये वाढत्या प्रत्यायाच्या (उत्पादन वाढेल तसा दर नगाचा खर्च उतरतो, या कल्पनेच्या) आधारे उद्योग एकाच जागी का गोळा होतात याचं गणिती प्रारूप दिलं, आणि २००८ मध्ये व्यापार व आर्थिक भूगोलावरच्या कामासाठी त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. चाकणला वाहन कारखान्याशेजारी सुट्या भागांचे कारखाने का येतात, इचलकरंजीतच यंत्रमाग का दाटले, हे प्रश्न आता दोन्ही विषयांच्या परीक्षेत शोभतात.

आपल्याकडच्या प्रश्नांना हा अभ्यास लागू पडतो का, की पुस्तकीच?

महाराष्ट्रात तर याच जोडीवरून कैक वर्षं राजकारण चाललं आहे, फक्त आपण त्याला ‘अनुशेष’ म्हणतो. अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली १९८३ मध्ये नेमलेल्या समितीने रस्ते, सिंचन, शाळा, वीज अशा एकेका क्षेत्रात प्रत्येक जिल्हा राज्याच्या सरासरीच्या किती मागे आहे हे मोजलं. १९८४ च्या अहवालात एकूण अनुशेष सुमारे ३,१८६ कोटी रुपयांचा निघाला. पुढे राज्यघटनेच्या ३७१(२) कलमाखाली १९९४ मध्ये विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र अशी तीन वैधानिक विकास मंडळं झाली.

आता भूगोलाच्या विद्यार्थ्याने विचारायचा प्रश्न: मोजायचं एकक जिल्हाच का? साताऱ्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. जिल्ह्याची सरासरी काढली की माणचा दुष्काळ महाबळेश्वरच्या पावसात बुडतो. सांगलीतल्या जत, आटपाडीची तक्रार तीच. आणि अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने विचारायचा प्रश्न: मागास भागात रस्त्यावर घातलेला रुपया आणि तिथल्या मुलांच्या शिक्षणावर घातलेला रुपया, जास्त फळ कुठल्याचं? मुलं शिकून पुण्याला गेली तर तो पैसा कुणाच्या विकासावर खर्च झाला? अनुशेषाच्या सभांमध्ये पहिला प्रश्न अधूनमधून येतो, दुसरा जवळजवळ नाहीच.

पीक विम्यातही हेच. भरपाईसाठी उत्पादन महसूल मंडळाच्या पातळीवर, पीक कापणी प्रयोगांवरून ठरतं. मंडळाची सरासरी उंबरठ्याच्या वर राहिली की ज्याचं शिवार कोरडं गेलं त्यालाही काही मिळत नाही, आणि बांधापलीकडचं शेत दुसऱ्या मंडळात असेल तर तिथे पैसे जमा होतात. शेतकऱ्याला हा अन्याय वाटतो. कंपनीला प्रत्येक शेत मोजणं परवडत नाही. दोघांचंही म्हणणं समजून घ्यायला दोन्ही विषय लागतात.

स्पर्धा परीक्षेला फायदा होतो का?

होतो, पण क्लासवाले सांगतात तेवढा नाही. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत वैकल्पिक विषय एकच असतो, दोन पेपर मिळून ५०० गुणांचा. भूगोल किंवा अर्थशास्त्र, दोन्ही नाही. भूगोल घेतलात तर पहिल्या पेपरात मानवी भूगोलातली प्रारूपं आणि सिद्धांत असतात, तिथे अर्थशास्त्राची पार्श्वभूमी कामी येते. सामान्य अध्ययनाच्या पहिल्या पेपरात भूगोल आणि तिसऱ्यात अर्थव्यवस्था आहे, म्हणजे दोन्हींचा पाया उपयोगी पडतो.

भारतीय आर्थिक सेवेचं स्वप्न असेल तर लक्षात ठेवा, तिथे अर्थशास्त्राशी संबंधित *पदव्युत्तर* पदवी लागते. नुसत्या बीएवर अर्ज करता येत नाही.

आणि एक फुकटचा सल्ला: पदवीची तीन वर्षं फक्त स्पर्धा परीक्षेसाठी जाळू नका. पद मिळालं नाही तर हातात काहीतरी असावं, आणि ते काहीतरी म्हणजे नीट केलेली पदवी.

नोकऱ्या कुठे आहेत?

‘भूगोल-अर्थशास्त्र पदवीधर पाहिजे’ अशी जाहिरात तुम्हाला दिसणार नाही. काम मिळतं ते कौशल्यावर. जीआयएस कंपन्या, पीक विमा आणि हवामान सेवा, नगर नियोजनाचे सल्लागार, गोदामं आणि मालवाहतूक, किरकोळ विक्रीच्या साखळ्या (नवं दुकान कुठे काढायचं हा प्रश्न शंभर टक्के तुमचा), बँकांचे ग्रामीण विभाग, जलसंधारणावर काम करणाऱ्या संस्था, सर्वेक्षण संस्था. सुरुवातीचा पगार बेताचा असतो, हे आधीच माहीत असलेलं बरं. क्यूजीआयएस (नकाशांचं सॉफ्टवेअर), एक्सेल आणि थोडं आर किंवा पायथन (आकडेवारीसाठीच्या संगणक भाषा) येत असेल तर फरक पडतो. क्यूजीआयएस मोफत आहे.

शिक्षक व्हायचं असेल तर कनिष्ठ महाविद्यालयासाठी एमए आणि बीएड, वरिष्ठ महाविद्यालयासाठी नेट-सेट किंवा पीएचडी. तिथे दोन विषय चालत नाहीत, एमए ज्या विषयात तोच.

पुढचं शिक्षण कुठे?

अर्थशास्त्राकडे वळणाऱ्यांसाठी पुण्यातली १९३० साली स्थापन झालेली गोखले संस्था, मुंबई विद्यापीठाचा कलिनातला अर्थशास्त्र विभाग, आणि आयआयटींच्या जॅम या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेतला अर्थशास्त्राचा पेपर. गोखले संस्थेचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ. प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याच्या उभारणीत विठ्ठलराव विखे पाटलांबरोबर त्यांचा वाटा होता, म्हणजे या पानाच्या सुरुवातीच्या साखर कारखान्याच्या उदाहरणाशी अर्थशास्त्राचं नातं जुनं आहे. लोकसंख्येची गोडी असेल तर मुंबईत देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था पाहा, तिथे दोन्ही विषयांची मुलं दिसतात. नगर नियोजनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांना भूगोल-अर्थशास्त्राची बरीचशी मुलं एमए करून जातात.

परदेशात खरीखुरी जोडपदवी असते ना?

असते, विशेषतः ब्रिटनमध्ये. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्रासह भूगोल अशी पदवी आहे, इतर विद्यापीठांतही दोन्ही विषयांच्या जोड्या आहेत. इंग्लंडमध्ये साधारण तीन वर्षं, स्कॉटलंडमध्ये चार, आणि तिथल्या जुन्या विद्यापीठांत पदवीलाच ‘एमए’ म्हणतात, त्यामुळे घरच्यांचा गोंधळ होतो. अर्थशास्त्राचा भाग मोठा असेल तिथे बारावीचं गणित मागतात. कला शाखेतून गणिताशिवाय आलेल्यांसाठी ही वाट बहुतेक बंद आहे, म्हणून हा विचार अकरावीच्या आधी व्हायला हवा.

मराठी माध्यमातून केलं तर?

बीए निवांत होतं. संदर्भग्रंथ आणि आकडेवारी मात्र इंग्रजीत असते. दोन्ही भाषांतल्या संज्ञा सुरुवातीपासून वहीत शेजारीशेजारी लिहीत जा: समवृत्ती वक्र, पर्जन्यछाया, सीमांत उपयोगिता, सगळ्या. एमएच्या पहिल्या सत्रात त्या वहीचं मोल कळतं.

प्रकल्पाला विषय कोणता घ्यावा?

जवळचा, आणि जिथे दोन्ही विषय वापरता येतील असा. तालुक्यातले आठवडी बाजार घ्या, कोणता विक्रेता कुठून येतो, किती अंतर तोडतो, कशावर त्याचा खर्च निघतो. निफाड-लासलगावकडचे असाल तर कांदा साठवायची चाळ घ्या: किती शेतकऱ्यांकडे चाळ आहे आणि निर्यातीच्या धोरणानुसार ते माल कधी काढतात. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क, त्याच डिसेंबरमध्ये बंदी, मे २०२४ मध्ये बंदी उठली पण किमान निर्यात मूल्याची अट आली. ज्याच्याकडे चाळ होती तो थांबू शकला, ज्याच्याकडे नव्हती त्याला मिळेल त्या भावाला माल मोकळा करावा लागला.

आकडे जुळवताना सीमा तपासा. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ३५ जिल्हे आहेत. १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून पालघर वेगळा झाला आणि ३६ झाले. २०११ चं ठाणे आणि आजचं ठाणे शेजारी ठेवून ‘लोकसंख्या घटली’ असा निष्कर्ष काढणारे प्रकल्प दरवर्षी येतात. आधी तालुके जुळवा, मग बेरीज करा. जिल्ह्याचं उत्पन्न राज्याच्या आर्थिक पाहणीत मिळतं, ती दरवर्षी अर्थसंकल्पाच्या आधी येते आणि मराठीतही असते.

लॅपटॉप घ्यावाच लागेल का?

पहिल्या वर्षी नाही. दुसऱ्या वर्षी जीआयएस सुरू झालं की लागेल, आणि महाविद्यालयाची प्रयोगशाळा पाचनंतर उघडी राहत असेल तर तेव्हाही नाही. प्रवेश घेताना तेवढं विचारून ठेवा.